डावी मुरड

टायरच्या दुकानापाशी आलो तेव्हा ताईंनी पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं.

“कोणी नाही मागे,” मी म्हटलं.

“दिसत नाही म्हणून नाही, असं थोडंच असतं,” असं म्हणून त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पाय उचलला.

निम्मा रस्ता झाला होता. कारखान्याची बस आम्हाला न घेताच गेली होती. सुपरवायझरने ताईंना पाळी सुटताना खोलीत बोलावून घेतलं, मी बाहेर बाकावर त्यांची वाट बघत बसले, आणि बस कोणासाठी थांबत नाही हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण ताईंच्या मते ड्रायव्हरने आरशात आम्हाला पाहिलं होतं आणि मुद्दाम गाडी काढली होती.

“मागे एकदा मी त्याला म्हटलं होतं, तू डिझेलचं काय करतोस ते मला ठाऊक आहे. तेव्हापासून डूख धरून आहे.”

“खरंच ठाऊक आहे?”

“छे. पण त्याचा चेहरा बघायला हवा होतास तू.”

अशा आमच्या ताई. सगळा कारखाना त्यांना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणतो, तोंडावर ताई. त्यांना हे माहीत आहे. हे नाव कोणी पाडलं याचा तपास अजून चालू आहे आणि त्यात तीन बायकांवर त्यांचा संशय आहे. त्यातली एक मी.

कपाटाला त्या कुलूप लावतात आणि कुलपावर दोऱ्याचा एक वेढा घालतात. दोरा हलला तर कळावं म्हणून. डब्याचं झाकण एका ठरावीक कोनात बसवतात. घड्याळ पुढे गेलं तर कोणीतरी पुढे केलं असेल आणि मागे पडलं तर मागे केलं असेल. पाळी सुरू होण्याआधी मी यंत्राच्या सरकत्या पट्ट्याजवळ उभी राहून मनातल्या मनात देवाचं नाव घेते, तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी मला गाठलं.

“काय मागतेस गं रोज?”

“काही नाही, ताई. नुसतं नाव घेते.”

“नुसतं कोणी काही घेत नाही,” त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून माझे ओठ थांबेपर्यंत त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत. शेजारणीलाही बोलू द्यायच्या नाहीत.

आमच्या कारखान्यात पाई होतात. ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. मैदा आणि थंड लोण्याची पारी, तिच्यात साखरेत शिजवलेल्या सफरचंदांचं सारण, वर झाकण म्हणून दुसरी पारी, आणि सगळं भट्टीत भाजून काढायचं. घरी एखादी बाई सकाळभर खपून दोन करील. आमच्याकडे ती रिकामी उभी राहिली तर तिच्यासमोरून तेवढ्या वेळात एका गावाचं जेवण निघून जाईल.

एका टोकाला माणूसभर उंचीचे डबे मैदा मळत असतात. मळलेला गोळा थंड खोलीत विसावतो, मग रुळांखालून जाऊन चादरीसारखा लांबच लांब पसरतो. यंत्र त्याच्या चकत्या पाडतं, कागदी वाट्यांमध्ये दाबून बसवतं. वरून नळी येते, मोजून सारण सोडते आणि मागे सरते. मग वरच्या रुळावरून झाकणाची पारी उतरते. इथपर्यंत माणसाचा हात लागत नाही. इथून पुढे आम्ही. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका उभ्या असतो आणि झाकणाचा काठ खालच्या काठाशी चिमटीने दुमडून बंद करतो. चिमटीत धरायचं, आत वळवायचं, दाबायचं, वाटी थोडी फिरवायची, पुढची चिमटी. यालाच मुरड म्हणतात. मुरड घालणारं यंत्रही मिळतं, पण ज्या मोठ्या दुकानांत आमचा माल जातो त्यांना खोक्यावर ‘हाताने मुरडलेली’ असं छापायचं असतं. त्या एका ओळीवर आमच्या चुली पेटतात.

पुढे दुधाचा फवारा, वर सुरीच्या चिरा, आणि मग बोगद्यासारखी लांब भट्टी. या तोंडाने पांढरी फटक आत जाते, त्या तोंडाने तांबूस होऊन बाहेर येते. निवली की एका चौकटीखालून जाते. ही चौकट धातू ओळखते. आत काही असलं की ती किंचाळते आणि एक दांडा त्या पाईला ढकलून कुलूपबंद पेटीत पाडतो. आमच्या बोटाला काही लागलं तर सुपरवायझरच्या कपाटातली निळी पट्टीच लावायची असा नियम आहे. खाण्याच्या कुठल्याच जिनसाचा रंग तसा निळा नसतो, म्हणून निळी. आणि तिच्या आत धातूची बारीक तार असते, त्या चौकटीसाठी. पट्टीवर हातमोजा हवाच.

ताईंना हातमोजा आवडत नाही. मोज्यातून पारी कळत नाही म्हणतात. सुपरवायझर लांब दिसला की मोजा हातात, वळला की खिशात. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं, कारण ताईंची मुरड सगळ्यांत देखणी.

ताईंचा नवरा गेला तेव्हा मुलगा कडेवर होता. धुलाईकेंद्रात चादरी वाळवण्याचं काम मिळत होतं, पण तिथला मालक हसून बोलतो म्हणून त्या इकडे आल्या. तेव्हा झाकणंसुद्धा हाताने ठेवायची असत. उभं राहून पायांच्या शिरा फुगल्या, मुलगा मोठा झाला, लांबच्या मालट्रकवर लागला, लग्न झालं. सूनही आता आमच्याच रांगेत आहे. ताईंनीच शब्द टाकून लावली. “माझ्या डोळ्यांसमोर राहील,” असं म्हणाल्या होत्या. यात माया किती आणि पहारा किती, ते तेव्हा मला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र नुसत्या संशयाने येत नाही, ती त्यांच्याकडे होती. मुरड पाहून हात ओळखायच्या. माझ्या चिमट्या सुरुवातीला घट्ट आणि शेवटी ढिल्या. रांगेतल्या एका उंच बाईच्या दोरखंडासारख्या जाड. सुनेच्या तर आंधळ्यानेही ओळखाव्यात, कारण ती डावखुरी. आमच्या सगळ्यांच्या घड्या उजवीकडे कललेल्या, तिच्या एकटीच्या डावीकडे.

आज दुपारी चौकट किंचाळली.

पट्टा थांबला. सुपरवायझरने पेटी उघडली, पाई फोडली, आणि झाकणाखाली काठालगत निळी पट्टी निघाली. लोण्याने माखलेली, भाजून कडक झालेली. त्याने सगळ्यांना हात पुढे करायला लावले. पट्टी दोघींनाच होती. ताईंच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला, परवा खोकं उघडताना सुरी लागली होती तिथे. आणि सुनेच्या मनगटाजवळ, इस्त्रीचा चटका बसला होता तिथे. दोघींची जागच्या जागी. फक्त सुनेची कोरी करकरीत दिसत होती.

“जेवणाच्या सुट्टीत बदलली,” सून म्हणाली. “जुनी टोपलीत टाकली.”

टोपली एव्हाना रिकामी झाली होती.

सुपरवायझर वाईट माणूस नाही, पण त्याच्याही मानेवर कोणीतरी बसलेलं आहे. त्याने पाईचे तुकडे ताटलीत जुळवून ताईंपुढे धरले. “ताई, तुम्ही हात ओळखता. कोणाचा?”

ताईंनी ताटली उजेडाकडे वळवली. काठावरच्या घड्या डावीकडे कललेल्या होत्या. हे मलाही दिसलं.

“माझ्या सुनेचा,” ताई म्हणाल्या. “घरचं माणूस म्हणून मी झाकणार नाही.”

सुनेने सासूच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी तिच्या हातांकडे पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग मान खाली घातली.

“आई म्हणतात तर माझीच असेल,” ती म्हणाली.

तिला टोपी काढून ठेवायला सांगितलं. उद्या येऊ नकोस, काय ते कळवू. काय कळवतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. जिच्या हातून असं होतं तिला पुन्हा कुठल्या खाण्याच्या कारखान्यात उभी करत नाहीत. ती बसने एकटी घरी गेली.

आणि आता आम्ही दोघी चालत होतो.

टायरच्या दुकानानंतर गोदामं लागतात. एका बाजूला लांबच लांब पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला नाला. वारा सुटला होता. एरवी ताई वाऱ्यालाही काहीतरी बोलल्या असत्या.

“नजर बघितलीस तिची?” त्या म्हणाल्या. “तोंडाकडे बघण्याची छाती झाली नाही. हाताकडे बघत होती.”

“घाबरली असेल, ताई.”

“स्वच्छ माणूस कशाला घाबरेल? मला आधीपासून वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. मी आत गेले की फोन खाली ठेवते. परवा कोपऱ्यावरच्या दुकानात भिंतीला लावलेल्या जाहिराती वाचत उभी होती. खोल्या भाड्याने देण्याच्या. मी बघितलं आणि घरी येऊन विचारलं, काय वाचत होतीस? म्हणाली, काही नाही, आई.”

“जागा बघत असली तर बघू दे ना. तुम्हीच म्हणता, दोन बायका आणि एक मोरी.”

“मी म्हणणं वेगळं, तिने बघणं वेगळं.” त्या थोडं चालल्या. “आणि तू तिची बाजू घेतेस हे मी बघतेय हं.”

“मी कोणाची बाजू घेत नाही.”

“तेच तर. जी कोणाची बाजू घेत नाही तिची आधी चौकशी करावी.”

मला हसू आलं. त्याही गालात हसल्यासारख्या झाल्या आणि लगेच गंभीर झाल्या. खरं सांगायचं तर त्यांनी नाव घेतलं तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला होता. आपल्या माणसाला पदराखाली न घेणं सोपं नसतं. पण बाकावर बसून वाट पाहताना काहीतरी बोचत राहिलं होतं. काय ते हाताला लागत नव्हतं.

गोदामांच्या शेवटी एक सिमेंटचा ओटा आहे. ताईंच्या शिरा ठणकायला लागल्या म्हणून आम्ही टेकलो. त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, आतून पावाचा रिकामा कागद काढला आणि त्याची घडी करायला लागल्या. कागद फेकून द्यायचा नाही, कोणी काय खाल्लं ते लोकांना कशाला कळायला हवं.

“मला एकच सांग,” त्या म्हणाल्या. “ती मुरड तूही पाहिलीस. डावीकडे होती की नव्हती?”

“होती.”

“आपल्या रांगेत डावीकडे कोण घालतं? तिच्याशिवाय कोण? सांग ना.”

आणि बोलता बोलता त्या दाखवायला लागल्या. कागदाची कड चिमटीत धरली, आत वळवली, दाबली. पुढची चिमटी. “ही अशी,” त्या म्हणाल्या, “अशी घालते ती.” हात आपोआप चालत होता, पट्ट्यावर चालतो तसा. दुखरं उजवं बोट नुसतं कागदाच्या काठावर टेकवलेलं, आणि चिमटी डाव्या हाताची.

मी बघत राहिले. काय बोचत होतं ते आता माझ्या समोर होतं. परवापासून त्या डाव्या हाताने मुरड घालत होत्या. उजवी तर्जनी दुमडत नव्हती, म्हणून तिने झाकण दाबून धरायचं आणि काम डाव्याने. त्यांच्या शेजारी उभी राहून मी ते दोन दिवस पाहिलं होतं, आणि पाहिलं नव्हतं. रोजचंच माणूस, त्याच्या हाताकडे कोण लक्ष देतं. लक्ष देणारी एकच बाई आमच्यात होती, आणि ती दुसऱ्यांचे हात बघत होती.

मी मनात देवाचं नाव घेतलं, एवढंच.

ताईंना ते कळलं. माझे ओठ हलले की त्यांना कळतंच.

“काय झालं? आत्ता कशाला घेतेस?”

मी त्यांच्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या नजरेचा माग धरला, जसा त्या सगळ्यांच्या नजरांचा धरतात, आणि तो माग त्यांच्याच मांडीवर येऊन थांबला. कागदाच्या काठावर डावीकडे कललेल्या घड्यांची सुरेख रांग होती.

नाल्यापलीकडे कोणीतरी लोखंड कापत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“असं होय,” ताई अगदी हळू म्हणाल्या.

मग लगेच मान उचलून, “पण पट्टी? माझी पट्टी तर आहे. सगळ्यांनी पाहिली. ही बघ.” त्यांनी बोट माझ्यापुढे धरलं. टोकाला निळी पट्टी होती, मळलेली, कडा सुटलेली. त्याखाली बोटाच्या मधल्या पेराला एक वेढा होता, कातडी पांढरी आणि सुरकुतलेली, बराच वेळ काहीतरी गुंडाळून ठेवल्यावर होते तशी. तिथे आता काहीच गुंडाळलेलं नव्हतं.

त्या वेढ्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

“सकाळी कपाटापाशी,” त्या म्हणाल्या. “टोकाची सैल झाली म्हणून कुरकुरत होते. सून सुपरवायझरकडून स्वतःसाठी दोन पट्ट्या घेऊन आली होती. त्यातली एक मला गुंडाळली. म्हणाली, आई, ही धरून ठेवेल. मी विचारलं, दोन कशाला घेतल्यास? कोणासाठी?” त्या थांबल्या. “तेव्हाही मी तेच विचारलं बघ.”

टोकाच्या पट्टीची सुटलेली कड त्यांनी दाबून बसवली.

“म्हणजे तिला माहीत होतं,” ताई म्हणाल्या. “म्हणून हाताकडे बघितलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. पट्टी दिसली नाही तिला. तिथेच सांगता आलं असतं. सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं, आई, तुमची दुसरी कुठे आहे? एक वाक्य. का नाही म्हणाली?”

“तुम्हीच सांगा.”

“मला विचारू नकोस. मला विचारलंस तर मी म्हणेन, यातही तिचा काहीतरी डाव आहे. आत्ता या क्षणीसुद्धा माझं डोकं तेच शोधतंय. उद्या मला ऐकवायला ठेवलं असेल, मुलाला सांगायला ठेवलं असेल. अमुक असेल, तमुक असेल.” त्यांनी कागदाचा बोळा केला, मग पुन्हा उलगडून सरळ केला. “माया असेल, हे शेवटी सुचतं गं मला. सगळ्यांत शेवटी.”

लोखंड कापणाऱ्याने यंत्र बंद केलं.

“परत जाऊ या,” मी म्हटलं. “सुपरवायझर पाच वाजेपर्यंत असतो.”

“माझी नोकरी जाईल.”

“हो.”

“या वयात दुसरीकडे कोण घेणार?”

“हो, ताई.”

मी खोटं कसं बोलणार होते? तिची गेली तरी घरातलीच जाणार आणि यांची गेली तरी घरातलीच. पण सून तरुण आहे, तिच्या नावावर हा डाग आयुष्यभर राहिला असता. आणि त्यापेक्षाही, तिच्यासमोर रोज जेवायला बसायचं होतं ताईंना, त्या एका मोरीच्या घरात.

“आणि तो विश्वास कशाला ठेवेल?” त्या म्हणाल्या. “मी त्याच्या जागी असते तर ठेवला नसता. म्हटलं असतं, म्हातारी घरी निघाली, वाटेत पाघळली, आता सुनेला वाचवायला आली. मी तर हसले असते.”

“मी आहे ना. तुमचा डावा हात मी दोन दिवस पाहिलाय. हा कागद आहे. बोट आहे.”

“तू.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. इतकी वर्षं शेजारी उभं राहून त्या मला आज पहिल्यांदा नीट बघत असाव्यात असं वाटलं. “नाव तूच पाडलंस ना माझं? दुर्बीण.”

“मी नाही, ताई. देवाशपथ.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “मानलं.”

त्या उठल्या. पिशवी खांद्याला लावली, कागद नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवला, आणि आम्ही आलो त्याच वाटेने वळलो. वारा आता समोरून येत होता. पत्र्याच्या भिंतीपर्यंत त्या ताठ चालल्या. टायरचं दुकान दिसायला लागलं तसा त्यांचा पाय मंदावला. कारखान्याची चिमणी तिथून दिसते. संध्याकाळच्या पाळीची भट्टी पेटली होती. त्या उभ्या राहिल्या. मागे पाहतील असं मला वाटलं, पण त्यांनी मागे पाहिलं नाही. उजवा हात माझ्यापुढे केला, दुखरं बोट वर राहील असा.

“हा धर,” त्या म्हणाल्या. “घट्ट धर आणि त्याच्या टेबलापर्यंत सोडू नकोस. मी चप्पल तुटली म्हणेन, चक्कर आली म्हणेन, उद्या सकाळी सांगते म्हणेन. काहीही म्हटलं तरी ऐकू नकोस माझं. माझा काही भरवसा नाही.”